‘पसाय’ आणि ‘पसा’: व्युत्पत्ती आणि लोकव्युत्पत्ती

‘पसायदान’ या शब्दाची फोड पुष्कळदा ‘पसाभर दान’ अशी केली जाते. ही फोड मनोहर आहे. व्युत्पत्तिदृष्ट्या मात्र ती टिकत नाही. ‘पसाय’ हे संस्कृत ‘प्रसाद’चे प्राकृतातून आलेले रूप होय. दोन स्वरांमधील ‘द’चा लोप आणि त्याजागी यश्रुती, हा प्राकृताचा नित्याचा क्रम. ‘पसा’चे मूळ ‘प्रसृत’, म्हणजे पुढे केलेला पोकळ तळवा. त्याचे प्राकृत रूप ‘पसय’. ‘पसाय’ आणि ‘पसय’ यांत भेद आहे तो केवळ एका स्वराच्या दीर्घत्वाचा.

अर्थाच्या दृष्टीने हा भेद क्षुल्लक नाही. ‘आशीर्वादा’त ‘आ+शास्’, म्हणजे इच्छिणे, हा धातू आहे. तेथे बोलणारा दुसऱ्यासाठी शुभ इच्छितो. ‘प्रसादा’च्या मुळाशी ‘सद्’, म्हणजे बसणे, आहे. गाळ खाली बसून पाणी निवळावे, तसे देणाऱ्याचे चित्त निवळणे हा प्रसाद. म्हणून 1290 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्ञानदेव जगाला आशीर्वाद देतात, हे विधान सैल ठरते. ते देवाच्या संतोषाची याचना करतात. जगाचे कल्याण हा त्या संतोषाचा परिणाम. याचकाला दाता मानले की या रचनेतील विनयच हरपतो.

मग लोकव्युत्पत्ती सर्वस्वी त्याज्य मानावी काय? गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात मुळशी तालुक्यासह महाराष्ट्राच्या अनेक भागांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. या ओव्यांत दळणारी स्त्री लेकाला, भावाला आयुष्य चिंतिते. त्याच वेळी तिचा हात जात्याच्या तोंडात मूठमूठ धान्य घालीत असतो. शुभचिंतन आणि मूठ येथे एकाच श्रमात नांदतात. ‘पसा’ हे देण्याघेण्याचे प्रत्यक्ष माप आहे. ‘पसाभर दान’ ही फोड या स्त्रियांनी केली, असे यावरून सिद्ध होत नाही. ती फोड मराठी कानाला सहज का पटते, एवढे मात्र स्पष्ट होते.

तरीही पशाला माप असते. ज्ञानदेवांच्या मागणीला ते नाही. ती प्राणिमात्रासाठी आहे. व्युत्पत्तीने कवीने काय मागितले ते कळते. लोकव्युत्पत्तीने समाजाने काय ऐकले ते कळते. दोन्ही गोष्टी समीक्षेच्या कक्षेतील आहेत; परंतु दुसरीच्या आधारे पहिलीचा निर्णय करता येत नाही.