‘सुप्त साठा’ : एका संज्ञेची चिकित्सा
एचआयव्हीविषयक लेखनात रूढ झालेल्या ‘सुप्त साठा’ या संज्ञेतील ‘सुप्त’ मान्य करता येईल. ‘साठा’ मात्र दिशाभूल करतो. औषधे विषाणूचा नवा प्रसार रोखतात, परंतु दीर्घायू सीडी४ पेशींच्या जनुकद्रव्यात शिरलेल्या त्याच्या प्रतीला ती स्पर्श करीत नाहीत. साठा उपसून संपतो. येथे पेशी विभागली की तिच्यातील प्रतही दोहोंकडे जाते. शेतकऱ्यांचा ‘बेणे’ हा शब्द (कोशकारांना तो ग्राम्य वाटला, तरी) अधिक यथार्थ होय. ‘आढळत नाही’ आणि ‘नाही’ यांतील भेद तर याहून निकडीचा. मिसिसिपीतील एका बालिकेस २०१३ साली ‘कार्यतः रोगमुक्त’ म्हटले गेले. औषधांवाचून २७ महिने लोटल्यानंतर, २०१४ साली, तिच्या रक्तात विषाणू पुन्हा आढळला.