बारा फुटांचा छंद

बेळगावच्या उद्यमबागेतल्या पाइपच्या दुकानात ॲल्युमिनियमची नळी बहुधा १२ फुटी मिळते. निपाणीच्या माझ्या मित्राला डोलकाठी हवी होती ५ मीटरची, म्हणजे १६ फुटांहून थोडी जास्तच. परसात त्याची प्लायवूडची एकट्यापुरती होडी होत आली होती. सांधे इपॉक्सीने भरून झाले, हिडकल धरणाच्या पाण्याची स्वप्नं पाहून झाली आणि काठीपाशी घोडं अडलं. तयार परदेशी डोलकाठी मागवावी तर होडीपेक्षा काठी महाग. दुकानदाराने विचारलं, "मंडपाला काय ओ?"

मला मात्र ते १२ फूट आवडले. छंदात लिहिणाऱ्याला मात्रा आखून दिलेल्या असतात, म्हणून तर त्याला शब्द पारखून घ्यावे लागतात. इथे मात्रा दुकानाने आखून दिल्या होत्या. त्यातून निघालेली काठी एखाद्या कवितेसारखी ओळीओळीने वाचावी अशी आहे. फक्त वाचायची खालून वर.

पहिला प्रश्न जाडीचा. समोर दोन नळ्या: एक ५० मिलिमीटर व्यासाची, ३ मिलिमीटर जाडीची, दुसरी ६० व्यासाची, जाडी फक्त २. "जाड घ्या, टिकतंय," असा सल्ला मिळाला. हात तसंच सांगतो, हिशेब मात्र उलटं सांगतो. जाड नळी मीटरला साधारण १ किलो २०० ग्रॅम भरते, पातळ १ किलोच्याही आत. आणि तरी पातळ नळी वाकायला जाड नळीपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कुरकुरते. कारण धातू मध्यापासून जितका लांब, तितका तो वाकण्याला जास्त विरोध करतो. वर ॲल्युमिनियम विकलं जातं किलोवर, म्हणजे हलकी, ताठ नळीच स्वस्त. पदार्थविज्ञान आणि गल्ला एकाच बाजूला उभे राहिल्याचं दृश्य बाजारात फार वेळा दिसत नाही. पातळ नळीला धोका चेपण्याचा. म्हणून जिथे ती होडीच्या फळीतून खाली उतरते, तिथे आत घट्ट लाकडी गोळा बसवायचा.

दुसरा प्रश्न धातूच्या जातीचा, आणि इथे कान फसतो. मित्राने दोन्ही जातींची नळी टिचकी मारून वाजवली. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी बेळगावच्या कुशीतलं, तेव्हा इथल्या माणसाला कानावर भरवसा ठेवावासा वाटला तर नवल नाही. पण व्यापारी ज्याला एचई-९ म्हणतात ते खिडक्यांचं ॲल्युमिनियम आणि एचई-३० हे ओझं पेलणारं, दोघांची घनता जवळपास तीच, ताठरपणाही तोच. एकाच मापाच्या नळ्या जवळपास एकाच स्वरात बोलतात. फरक कळतो तो वाकवल्यावर: एक थोडी वाकून परत सरळ होते, दुसरी त्याच वाकण्यात बाक धरून बसते. तेव्हा तुकडा मागून वाकवून पाहावा, नाहीतर गिरणीचा दाखला मागावा आणि त्यात टी-६, म्हणजे तापवून मुरवलेला माल, लिहिलंय का ते पाहावं.

इतकी ताकद लागते कशाला? या काठीतलं मला सर्वांत आवडलेलं उत्तर इथे आहे. तारांच्या आधाराशिवाय उभ्या असलेल्या काठीवरचा जोर वारा ठरवतो असं वाटतं; खरं तर त्याची मर्यादा बसणारा ठरवतो. वारा वाढला तर होडी कलते, आणि माणसाला तोल सावरता येईना की उलटते. काठीवर जोर येतो तो तोल सावरण्यापुरताच. ७५ किलोचा माणूस मध्यापासून ९० सेंटिमीटर बाहेर झुकला, तर या ६० च्या नळीच्या बुडाशी, म्हणजे फळीपाशी, ताण येतो सुमारे १३० मेगापास्कल. होडीचा स्वतःचा तोल त्यात थोडी भर घालतो. एचई-३० ला हे सहज पेलतं, एचई-९ ला जेमतेम. दोघे जण झुकले की हिशेब मोडला. मग तारा लावा किंवा मोठी नळी घ्या.

आता सांधा. खाली १२ फुटांची ६० ची नळी, तिच्या तोंडात ३० सेंटिमीटर आत सरकवलेली ५० ची नळी, मधल्या फटीत काचेच्या कापडाची पट्टी गुंडाळून इपॉक्सी. वेल्डिंग मात्र नको. आच लागली की टी-६ ची मुरलेली ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. जोर बुडाशी सर्वाधिक आणि शेंड्याला शून्य, म्हणून वरची नळी बारीक असणं ही तडजोड नव्हे. झुळूक जोराची आली की शेंडा आधी झुकतो, शीड वरून सैल पडतं, होडीला श्वास घ्यायला मिळतो. ब्रूस कर्बी यांनी आराखडा केलेल्या लेझर होडीचीही काठी दोन तुकड्यांचीच. आणि ५० च्या नळीचा उरलेला सुमारे २ मीटरचा तुकडा? तोच शिडाखालची आडवी काठी, बूम. यमक आपोआप जुळलं.

या नळीला बेळगावची मुळं शोधायचा मोह मी आवरत नाही. राधानगरी-चंदगडच्या सड्यांवरचं तांबडं बॉक्साइट इथल्या 'इंडाल'मध्ये, म्हणजे आताच्या हिंडाल्कोत, येऊन पांढरी ॲल्युमिना पावडर होतं. नळीचा धातू मात्र दुसरीकडून येतो. ॲल्युमिनियम येण्याआधी डोलकाठी सह्याद्रीच्या याच घाटांतून जायची: सरळसोट वाढणारं पून जातीचं लाकूड जहाजांसाठी कारवारकडच्या जंगलांतून तोडलं जाई. नौकांचं नातंही जवळचंच: खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई पुढे मांडवी होते. तिच्याच काठी, दिवाडी बेटावर, 'म्हादेई' ही नौका बांधली गेली आणि कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये तिच्यातून एकट्याने जगाला वळसा घालून आले. गोव्यातच बांधलेल्या 'थुरिया'ची डोलकाठी सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात मोडली, तिच्यातले नाविक अभिलाष टॉमी पाठीला जबर मार लागून पडून राहिले. तिथल्या लाटेपुढे हिडकलचा हिशेब चालत नाही.

राहिली भोकं. बुडाशी, जिथे ताण सर्वाधिक, तिथे एकही नको. स्टीलचा बोल्ट लावाल तिथे खाली प्लास्टिकची चकती घाला. होडी कधी गोव्याला नेलीत, तर तिथल्या खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना भिडले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आणि होडी तीरावर आणताना काठी आडवी ठेवा, वर विजेच्या तारा असतात.

दोन्ही नळ्या टेम्पोच्या टपावर बांधल्या. शेपटाला दुकानदाराने स्वतःहून लाल फडकं बांधून दिलं. संकेश्वर येईपर्यंत मित्र खिडकीतून मान बाहेर काढून ते फडकं कुठल्या बाजूला उडतंय तेच बघत होता.