दवाखान्याच्या उंबरठ्याबाहेर

सोमाटणे फाट्यावर एका अंगाला जुना मुंबई-पुणे महामार्ग अहोरात्र धावत असतो. दुसऱ्या अंगाने परंदवडी, बेबडओहोळकडे जाणारा रस्ता पवन मावळात शिरतो. महामार्गालगत डॉक्टरांच्या पाट्यांना तोटा नाही. जवळच तळेगावात डॉ. भाऊसाहेब सरदेसाई यांच्या नावाचे रुग्णालय असून १९९५ साली सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेले आहे. इतके असूनही आतल्या वाडीवरची एखादी अडलेली बाळंतीण फाट्यापर्यंत उशिरा पोहोचते, तेव्हा उणीव नेमकी कशाची म्हणावी? हा प्रश्न मनाशी धरून आम्ही डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांचे ‘जामखेड’ हे १९९४ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेले पुस्तक पुन्हा वाचावयास घेतले.

आरोळे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. नगर जिल्ह्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना त्यांना एक गोष्ट सलू लागली. बरा होऊन गेलेला रुग्ण त्याच आजाराने पुन्हा दारात येई, कारण आजाराचे मूळ घरच्या पाण्यात, ताटात आणि रूढीत होते. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन त्यांनी १९७० साली जामखेड या दुष्काळी तालुक्यात प्रकल्प उभारला. तेथे गावकऱ्यांनी आधी मागितले ते औषध नव्हे, अन्न आणि पाणी. विंधणविहिरी घेताना हातपंप दलित वस्तीत बसतील असे पाहिले गेले, म्हणजे सवर्णांची पावले आपोआप तिकडे वळणार. वैद्यकाच्या पुस्तकात जातीचे निदान इतक्या सहजपणे आलेले आम्ही क्वचितच वाचले आहे.

आमच्या मते या ग्रंथातील सर्वांत मोलाचा भाग एका फसलेल्या बेताचा आहे. प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यात ठेवावे, अशी प्रथम योजना होती. ती टिकली नाही. परक्या गावात एकट्या राहणाऱ्या तरुण मुलींना गावाने आपले मानले नाही. मग गावातल्याच प्रौढ, बहुधा निरक्षर बायांना शिकवावे, असा विचार पुढे आला. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत आणि शिकलेले गावात नेत. १९७१ साली या गावांत हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत असत. १९७६ पर्यंत ही संख्या ५२ वर आली. आपली योजना चुकली हे लेखकांनी प्रांजळपणे सांगितले, म्हणून पुढचे यश वाचकाला खरे वाटते.

या बायांपैकी मुक्ताबाई पोळ यांची हकिगत प्रसिद्ध आहे. १९८८ साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथे जाणत्यांच्या सभेत त्यांनी छतावरच्या झुंबराकडे आणि हातातल्या साध्या दिव्याकडे बोट दाखविले. डॉक्टर हे झुंबरासारखे, सुंदर पण महाग आणि दूरचे. दिव्याने मात्र दुसरा दिवा लावता येतो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. टिकाऊ रुग्णालय कशाला म्हणावे याचे उत्तर यातच आहे. ज्याचे ज्ञान भिंतींबाहेर जाते, ते टिकते.

तरीही या पुस्तकाविषयी आमच्या दोन तक्रारी आहेत. पहिली भाषेची. ज्या बायांनी हे घडविले त्यांचे अनुभव मराठीतले. पुस्तकात ते इंग्रजी पेहराव करून येतात. मराठी वाचकाला आपल्याच मावशीचे बोलणे दुभाष्याकडून ऐकावे लागते. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. आरंभीच्या त्या कबुलीनंतर हकिगती एकाच वळणाने जाऊ लागतात: आधी विरोध, मग समजूत, शेवटी विजय. जेथे समजूत पटलीच नाही, अशा गावांविषयी अधिक वाचावयास मिळते, तर नव्याने काम आरंभणाऱ्याला ते जास्त उपयोगी पडले असते. संस्थापकांच्या पश्चात खर्च आणि जिद्द कोठून यावी, याचाही विचार तोकडाच वाटतो. डॉ. मेबल १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले. कन्या डॉ. शोभा यांनी काम पुढे चालविले, हे समाधानाचे. परंतु प्रत्येक संस्थेला असा वारसा लाभत नाही.

कॅथलिक वाचकाला हा विषय परका नाही. ऑस्ट्रेलियातून आलेल्या डॉक्टर धर्मभगिनी मेरी ग्लॉवरी यांनी १९२० पासून आंध्रातील गुंटूर येथे रुग्णसेवा केली, स्थानिक स्त्रियांना शिकविले आणि १९४३ साली कॅथलिक रुग्णालयांची अखिल भारतीय संघटना स्थापन केली. इमारतीची कोनशिला आपल्याला चटकन दिसते; शिकविलेल्या हातांची मोजदाद मात्र सहसा कोणी ठेवत नाही. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातही आपण वाटसरूचीच आठवण काढतो. तो दोन दीनार देऊन पुढे गेला. जखमीची पुढची शुश्रूषा उतारशाळेच्या रक्षकाकडे आली.

२००५ पासून सरकारने गावोगाव ‘आशा’ कार्यकर्त्या नेमल्या. त्यांच्या मागे जामखेडसारख्या प्रयोगांची पुण्याई आहे. परंतु कामागणिक मोबदला मोजून दिवा तेवत राहत नाही. त्यासाठी शिकविणारा, विचारपूस करणारा आणि गरज पडताच दार उघडणारा दवाखाना पाठीशी लागतो. जामखेडला असे रुग्णालय होते, हे पुस्तक वाचताना विसरता कामा नये. नुसता दिवा अडलेल्या बाळंतिणीवर शस्त्रक्रिया करू शकत नाही.

तेव्हा सोमाटण्याच्या फाट्यावर आणखी एक पाटी लागली म्हणून आनंद मानण्यापूर्वी पवन मावळातल्या किती बाया तेथे शिकावयास येतील, हे विचारावे. आपल्या धर्मग्रामात दवाखान्यासाठी वर्गणीची पेटी फिरेल, तेव्हाही हाच प्रश्न विचारावा, आणि मगच खिशात हात घालावा. तो विचारण्याचे धैर्य हे पुस्तक देते. त्यातील उणिवा ध्यानात घेऊनही आम्ही ते प्रत्येक कुटुंबाने वाचावे असे म्हणतो.