कोण येणार, कोण राहणार?

अमेरिकेतल्या विद्यापीठांची कलाकेंद्रे दरवर्षी आगामी हंगामाची कार्यक्रमपत्रिका काढतात. नाटक, नृत्य, संगीत असे विभाग. प्रत्येक प्रयोगाची तारीख, सभागृह आणि तीन-चार ओळींची ओळख. बहुतेक लोक ती जाहिरात म्हणून चाळतात. मला ती त्या संस्थेचा स्वभाव सांगणारा दस्तऐवज वाटते. मात्र तो वाचताना ‘कोण येणार आहे’ या प्रश्नावर थांबून चालत नाही. ‘कोण राहणार आहे’ हेही विचारावे लागते. पाहुणा कलावंत एक संध्याकाळ देतो. मुक्कामाला आलेला कलावंत संस्था बदलून टाकतो. हा फरक ज्या कलाकेंद्राच्या इतिहासात स्वच्छ दिसतो, त्याविषयी हे टिपण आहे.

कनेक्टिकट राज्यात मिडलटाउन नावाचे एक लहान शहर आहे. तिथल्या वेस्लेयन विद्यापीठाचे कलाकेंद्र १९७३ मध्ये उभे राहिले. केव्हिन रोश आणि जॉन डिंकेलू यांच्या वास्तुसंस्थेने आखलेल्या, चुनखडीच्या दगडातल्या अकरा इमारतींचा हा समूह. त्यांत मैफलींसाठी क्रोवेल सभागृह आहे, आणि जावा बेटावरच्या गामेलानसारख्या वाद्यमेळांची बैठक लक्षात घेऊन बांधलेले जागतिक संगीताचे वेगळे दालनही आहे. १९७० च्या दशकापासून इथे दरवर्षी नवरात्र महोत्सव होतो. कर्नाटक आणि हिंदुस्थानी संगीताच्या मैफली, नृत्य आणि सरस्वतीपूजन असा त्याचा परिपाठ. शरद ऋतूतल्या कार्यक्रमपत्रिकेत हा महोत्सव ठरलेल्या जागी असतो.

परदेशी विद्यापीठाची भारताविषयीची हौस म्हणून हे सोडून देता येईल. पण तारखांचा क्रम पाहावा. बाळसरस्वती १९६२ मध्ये प्रथम अमेरिकेत गेल्या, त्या वेळी त्यांनी वेस्लेयनमध्ये काही काळ शिकवले. पुढच्या वर्षी त्यांचे धाकटे भाऊ टी. रंगनाथन मृदंगाचे शिक्षक म्हणून तिथे रुजू झाले. त्यांना बोलावण्यामागे रॉबर्ट ब्राऊन होते. त्यांनी स्वतः रंगनाथन यांच्याकडे मृदंग शिकून त्यावर प्रबंध लिहिला होता. दुसरे भाऊ, बासरीवादक टी. विश्वनाथन, १९७५ पासून २००२ मध्ये निधन होईपर्यंत तिथे शिकवत राहिले. म्हणजे आधी गुरू आले, मग शिष्य तयार झाले, त्यानंतर इमारती आणि सर्वांत शेवटी महोत्सव. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा असतो. नाट्यगृहाचे उद्घाटन होते, महोत्सव ठरतो, आणि शिकवणाऱ्याची जागा मात्र मंजुरीची वाट पाहत राहते.

या मुक्कामाचे फळ म्हणजे जॉन हिगिन्स. वेस्लेयनचेच विद्यार्थी. विश्वनाथन यांच्याकडे ते कर्नाटक गायन शिकले, मद्रासला राहिले, भरतनाट्यमच्या संगीतावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली. तिरुवैयारूच्या त्यागराज आराधनेत गाणाऱ्या या अमेरिकन माणसाला दक्षिणेतले रसिक ‘हिगिन्स भागवतर’ म्हणू लागले. १९७८ मध्ये ते वेस्लेयनला परतले, ते संगीताचे प्राध्यापक आणि याच कलाकेंद्राचे संचालक म्हणून. संचालकाला वर्णम् आणि पदम् यांतला फरक गळ्याने ठाऊक असणे म्हणजे काय, याचा विचार करावा. १९८४ च्या डिसेंबरात मोटारीच्या धडकेने त्यांचा अंत झाला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत बाळसरस्वती गेल्या होत्या.

मराठी वाचकाचा या कथेशी संबंध आहे, आणि तो जुना आहे. बाळसरस्वतींच्या घराण्याचा ज्ञात प्रारंभ पापम्माळ यांच्यापाशी जातो. त्या अठराव्या शतकात तंजावूरच्या दरबारात गात-नाचत होत्या. तेव्हा तंजावूरची गादी भोसल्यांची होती. बाळसरस्वतींचे गुरू कंदप्पा पिळ्ळै हे तंजावूरच्या सुप्रसिद्ध चार भावांच्या वंशातले. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चौघांना सरफोजी दुसरे (१७९८–१८३२) यांच्या दरबारी आश्रय होता. आज जगभर जो भरतनाट्यमचा क्रम सादर होतो, त्याची घडण या भावांच्या नावे सांगितली जाते. खुद्द सरफोजींच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणे आहेत. एक कथा धरून वेगवेगळे नृत्यप्रकार त्यांत गुंफलेले आहेत. मराठी नाटकाच्या इतिहासात तंजावूरला एखादे प्रकरण मिळते. नृत्याच्या चर्चेत ही निरूपणे आपल्याकडे क्वचितच येतात.

आता तक्रारीचा भाग. कार्यक्रमपत्रिकांतल्या तीन-चार ओळींच्या परिचयात भरतनाट्यम बहुतेक वेळा ‘मंदिरातले प्राचीन नृत्य’ असते. हे वाक्य खोटे म्हणता येणार नाही, पण त्यातून माणसे गळतात. ज्या देवदासी समाजातल्या स्त्रियांनी ही कला सांभाळली, त्यांच्या नृत्याची प्रतिष्ठा सुधारणेच्या चळवळीत गेली. १९४७ च्या मद्रास कायद्याने मंदिरात समर्पण आणि मंदिरातले त्यांचे नृत्य बंद झाले. पुढे तीच कला सभांच्या मंचावर उच्चवर्णीय घरांतल्या मुलींनी प्रतिष्ठित केली. शृंगार गाळून नृत्य ‘शुद्ध’ करावे या मताला बाळसरस्वतींनी अखेरपर्यंत विरोध केला. शृंगार हाच अभिनयाचा गाभा, अशी त्यांची भूमिका होती. ‘प्राचीन’ या एका विशेषणाने हा सगळा वाद झाकला जातो आणि प्रेक्षक निश्चिंत मनाने खुर्चीत बसतो.

दुसरी तक्रार वेळेची. १९७५ मध्ये मद्रासच्या तमिळ इसै संगमच्या परिषदेत बाळसरस्वतींनी नृत्याच्या कार्यक्रमाची तुलना मंदिराच्या रचनेशी केली होती. अलारिप्पूच्या गोपुरातून आत शिरून टप्प्याटप्प्याने वर्णम्‌च्या पवित्र आवारापर्यंत पोहोचायचे, मग पदमच्या गाभाऱ्यातल्या निवांतपणात थांबायचे. संमिश्र कार्यक्रमात प्रत्येक कलाप्रकाराला वीस मिनिटे दिली की प्रेक्षकाला गोपुर दिसते, गाभारा नाही. हा दोष परदेशी मंचांपुरता नाही. आपल्या विद्यापीठांचे युवक महोत्सवही घड्याळावर चालतात. तिथे स्पर्धेची सोय म्हणून ते समजू शकते, पण वर्षभरात पूर्ण मांडणी पाहण्याची दुसरी जागाच विद्यार्थ्याला नसेल, तर तो तुकड्यालाच कला समजेल.

आपल्याकडे काहीच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ मध्ये सुरू झाले. त्याने ‘गुरुकुल’ हा शब्द आपल्या नावाशी जोडला आणि नृत्य-संगीताच्या शिक्षणात गुरूकडच्या तालमीला विद्यापीठीय अभ्यासक्रमात स्थान दिले. १९९६ ते २००९ या काळात सतीश आळेकरांसारखा नाटककार त्याचा प्रमुख होता. तेरा वर्षे एका लिहित्या नाटककाराने विद्यार्थ्यांच्या सहवासात काढणे, ही गोष्ट कुठल्याही महोत्सवाच्या पत्रिकेत छापता येत नाही. ती परिणामांतून दिसते.

विद्यापीठातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने कलावंत व्हावे, अशी अपेक्षा वेस्लेयननेही कधी ठेवलेली नसावी. रंगनाथन यांच्यापुढे बसून दोन सत्रे ताल धरणारा मुलगा पुढे वकील किंवा डॉक्टर झाला, तरी मैफलीत मृदंगाची तनी आवर्तनम् सुरू झाल्यावर तो चहा प्यायला उठणार नाही. दरबार गेले, मंदिरांचा आश्रय तुटला, सभांचा श्रोता वयस्क होतो आहे. अशा वेळी जाणता श्रोता घडवण्याचे काम विद्यापीठ करू शकते. त्यासाठी कलावंताला राहायला घर, नियमित वेतन आणि वर्षानुवर्षांची मुदत द्यावी लागते. सभागृहापेक्षा हा खर्च कमी असतो, पण त्यावर कोनशिला बसवता येत नाही.

म्हणून पुढच्या हंगामाची कुठलीही पत्रिका हाती आली, की मी कलाकारांच्या नावांबरोबर शेवटचे पानही पाहतो. तिथे शिकवणाऱ्यांची यादी असली, आणि तीत गेल्या दहा वर्षांत टिकलेले एखादे नाव सापडले, तर त्या केंद्राचे बरे चालले आहे असे मी समजतो.