नावाआधी वस्तू

अहेरीत राहून युरोपची कला आम्हांस भेटते ती पुस्तकांतील लहानशा छायाचित्रांतून. चित्र पुरते दिसत नाही. म्हणून त्याखालच्या नावावर आम्ही अधिक विसंबतो. प्रबोधन, रीतिवाद, बरोक ही ती नावे. परंतु ती कशी पडली हे पाहू गेल्यास हा विश्वास डळमळतो.

वासारी स्वतः चित्रकार. १५५० साली प्रसिद्ध झालेल्या कलावंतांच्या चरित्रग्रंथात त्याने अलीकडच्या कलेला पुनर्जन्म म्हटले आणि मध्ययुगीन वास्तुरचनेचा दोष गॉथ टोळ्यांच्या माथी मारला. 'गॉथिक' हा शब्द अशा तिरस्कारातून रूढ झाला. मराठीत आपण पुनर्जन्माचे 'प्रबोधन' केले. त्यामुळे आधीची शतके जणू निद्रेत गेली असा ग्रह होतो. शार्त्रचे कॅथीड्रल निद्रिस्तांनी बांधले काय? 'रीतिवाद' म्हणताच मराठी वाचकाला वामनाची रीती आठवते, जिचा या चित्रांशी संबंध नाही. 'बरोक' हाही आरंभी हेटाळणीचाच शब्द. बेडौल मोत्याच्या पोर्तुगीज नावावरून तो आला असे सामान्यतः मानतात.

जुन्या गोव्यातील बाँ जेझुस बासिलिकेला सर्रास बरोक म्हणतात. तिचे बांधकाम १५९४ साली सुरू झाले व १६०५ साली तिचा अभिषेक झाला. दर्शनी भागावरील स्तंभांची मांडणी प्रबोधनकाळाच्या शिस्तीची आहे. आतील सोनेरी वेदी मात्र बरोक. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोजिनीने घडविला. तो १६९८ साली येथे उभा राहिला. तोही निःसंशय बरोक. पण त्यावरील चांदीची पेटी गोव्याच्या कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडविली. चौथऱ्याहून साठ वर्षांनी जुन्या या पेटीस कोणते नाव द्यावे? फोजिनीचा उल्लेख नावानिशी होतो. तिच्या कारागिरांची बोळवण 'स्थानिक' या एका शब्दावर होते.

हा दोष परक्यांचाच नव्हे. आमच्याच जिल्ह्यातील मार्कंड्याच्या मंदिरांना लोक हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री हा तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री. ही मंदिरे त्याच्या आधीची मानली जातात.

ही नावे टाकून द्यावीत असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्यावाचून चर्चा पुढे सरकत नाही. आमच्या लेखकांना विनंती एवढीच, की वस्तू कशाची, कोणी, कधी व कोणासाठी घडविली हे आधी सांगावे आणि नाव मागाहून द्यावे. म्हणजे दूर रानात बसलेल्या वाचकालाही ती थोडीफार दिसेल.