घरचं आहे, साहेब!

कन्नड सोडून औट्रम घाट उतरला की चाळीसगाव, म्हणजे खानदेशच. तेव्हा कन्नडच्या खाणावळीत मराठवाड्याची भाकरी आणि खानदेशी शेवभाजी एका ताटात नांदाव्यात, एवढीच आमची माफक अपेक्षा. पण पाटीवर पाहावं तर पनीरच पनीर!

मालकांना विचारलं, "तुम्ही काय जेवणार?"

"आम्ही? पिठलं-भाकरी."

"मग तेच आणा."

मालक ओशाळले. "ते घरचं आहे, साहेब!"

तरी आलं. ज्वारीची पातळ भाकरी, झणझणीत पिठलं, बुक्कीनं फोडलेला कांदा. ठेच्यात मीठ जरा जास्त होतं, हे समीक्षकाचं कर्तव्य म्हणून नोंदवतो. बाकी तक्रार एकच. याच तालुक्यातली पितळखोऱ्याची लेणी २००० वर्षांहून जुनी. ती डोंगरात दडली, हे समजू शकतं. पिठलं कशाला दडवायचं?