इंजिनाला हात लावायचा नाही!

वाशिंदहून लोकलने कल्याण-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत जाणारी मुले भेटली, की ‘बाहा’च्या गाडीविषयी भरभरून बोलतात. भारतात २००७ साली पीथमपूरला सुरू झालेल्या या स्पर्धेसाठी विद्यार्थ्यांचा गट खडबडीत वाटेवर धावणारी गाडी बनवतो. सांगाडा, स्टिअरिंग, सस्पेन्शन सारे त्यांचे. इंजिन मात्र ठरवून दिलेले. त्यात फेरफार करायला बंदी.

बंदीमागे कारण आहे. ओतकाम, यंत्रण, चाचण्या हे सारे एका वर्षात विद्यार्थ्यांना झेपणारे नव्हे. तरीही आमची तक्रार अशी, की गाडीचा प्राणच बंद पेटीत राहतो. त्यापेक्षा ‘फॉर्म्युला स्टुडंट’ची अट आम्हांला अधिक आवडते. तिथे मोटारसायकलचे तयार इंजिन चालते, पण पेट्रोल इंजिनात जाणारी सगळी हवा २० मि.मी. व्यासाच्या भोकातून गेली पाहिजे. भोकातला हवेचा वेग ध्वनीच्या वेगापुढे जात नाही. म्हणजे सेकंदाला सुमारे ७० ग्रॅम हवा, बस्स! मग हवेची नळी आणि इंधनाचे प्रमाण यांचा विचार मुलांना मुळापासून करावा लागतो.

शाळेत एवढेही लागत नाही. हीरो होंडा सीडी १०० चा सिलिंडर घ्या. व्यास ५० मि.मी., दट्ट्याची धाव ४९.५ मि.मी.; आकारमान ९७.२ घन सें.मी. धाव वाढवून ताकद का वाढवू नये? बारावीचे सरल आवर्त गतीचे सूत्र लावा. मिनिटाला ८००० फेरे असतील, तर टोकाशी दट्ट्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या दीड हजार पटींहून अधिक येते. १०० ग्रॅमचा दट्ट्या दीड क्विंटलहून जास्त ओढ देतो! धाव वाढवली की ही ओढही वाढते.

आपल्या गावचा गॅरेजवाला झिजलेला सिलिंडर बोअर करून अर्धा मि.मी. मोठा पिस्टन बसवतो, तेव्हा ९७.२ चे ९९.१ होतात. बाहाच्या मुलांना मनाई असलेली गोष्ट तो सहज करतो. संपीडन गुणोत्तर किती बदलले, हे मात्र त्याला कोणी विचारत नाही. ज्वलनकक्षाचे आकारमान मोजायला इंजेक्शनची सिरिंज आणि थोडे तेल पुरते.